आतली तार

लोहाराच्या भट्टीकडे आम्हा बँकेच्या माणसांची पावले वळतात ती बहुधा पाहणीसाठी. माझेही तसेच झाले. २०२३ साली पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात समाविष्ट असलेल्या अठरा व्यवसायांत लोहारकामही आहे. त्या योजनेखाली धनबाद परिसरातील आमच्या शाखेत एका तरुण लोहाराचा कर्जअर्ज आला आणि जागेची पाहणी करण्यासाठी मी त्याच्या भट्टीवर गेलो. तेथे त्याचे काका बसले होते. कोळसा खाणीच्या वर्कशॉपमधून ते निवृत्त झालेले. सगळे त्यांना ‘मिस्त्रीजी’ म्हणत. कोपऱ्यात पोलादी दोराचे, म्हणजे वायर रोपचे, हातभर लांबीचे तुकडे पडले होते. अशा दोरापासून अमेरिकेतील हौशी कारागीर सुऱ्या घडवतात, असे मी वाचले होते. तसे सहज बोलून गेलो.

मिस्त्रीजी हसले. म्हणाले, “साहेब, सारी नोकरी या दोरावर गेली. पण त्याची सुरी कधी केली नाही. रविवारी या, करून पाहू.”

पुतण्याच्या अर्जाचे काम रीतसर मार्गी लागल्यावरच मी गेलो आणि वयाच्या पस्तिशीत माझी लोहारकामातील उमेदवारी सुरू झाली.

खाणीतून सुरीकडे

पोलादी दोर हे मूळचे खाणीचेच अपत्य. पूर्वी खाणीतून माल वर ओढण्यासाठी तागाचे दोर किंवा लोखंडी साखळ्या वापरीत. दोर कुजत, साखळ्या अवचित तुटत. जर्मनीतील हार्झ पर्वतातील खाणींचे अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ साली लोखंडी तारा एकत्र पिळून दोर तयार केला. साखळीची एक कडी तुटली की सारा भार कोसळतो. दोरातील एक तार तुटली तर उरलेल्या तारा तो भार वाटून घेतात.

आजच्या दोरातील तारांमध्ये कर्बाचे प्रमाण चांगले असते. त्यामुळे त्या पोलादाला ‘पाणी’ देता येते, म्हणजेच ते तापवून झटकन थंड केले की कठीण होते आणि धार धरते. अमेरिकेत विल्यम मोरान यांनी १९७३ साली पोलादाचे थर एकमेकांत सांधून घडवलेली नक्षीदार पाती प्रदर्शनात मांडली आणि ही जुनी विद्या तेथे पुन्हा रुजली. दोराची सुरी ही त्याच कुळातली. तिला ‘केबल दमास्कस’ म्हणतात. मात्र ज्या पोलादामुळे दमास्कसच्या तलवारींचे नाव झाले, ते दक्षिण भारतातील मुशीत तयार होणारे ‘वूट्झ’ पोलाद वेगळे.

पहिला ताव

दोराची निवड हीच पहिली परीक्षा. जस्ताचा मुलामा असलेला दोर मिस्त्रीजींनी बाजूला फेकला; तो तापला की त्याचा धूर विषारी असतो. काही दोरांच्या गाभ्यात ताग असतो, तेही बाद. सगळा पोलादीच असलेला इंचभर जाडीचा तुकडा घेतला, त्याची टोके तारेने घट्ट आवळली आणि भट्टीत घालून आधी त्यातले वंगण जाळून टाकले. मग लाल झालेला दोर व्हाइसमध्ये धरून पिळाच्याच दिशेने आणखी पिळला, म्हणजे तारांमधली फट कमी होते. त्यावर टाकणखार टाकला. तो वितळून तारांमध्ये शिरतो, तेथील कीट विरघळवतो आणि हवेला आत येऊ देत नाही.

पुढचा ताव सांधण्याचा. सुमारे साडेबाराशे अंशांना पोलाद पिवळेधमक होते. ठिणग्या उडू लागल्या तर ते जळू लागले असे समजावे. मी तो रंग पाहिला, दोर ऐरणीवर घेतला आणि जीव खाऊन घाव घातले. दोराचा सुरेख चौकोनी दांडा झाला. दुसऱ्या रविवारी त्याला सुरीचा आकारही आला. मी मनोमन स्वतःची पाठ थोपटली.

कानस चालवली आणि पात्याच्या मधोमध केसाएवढी काळी रेघ दिसली. आणखी घासले, रेघ लांबली. आतल्या तारा सांधल्याच गेल्या नव्हत्या. “वरून तर दिसत नाही. घासून लपवता येईल का?” मी विचारले.

मिस्त्रीजी काही बोलले नाहीत. त्यांनी पाते व्हाइसमध्ये धरले आणि हातोड्याच्या एका फटक्यात मोडले. मोडलेल्या तोंडाशी तारा सुट्ट्या दिसत होत्या. मग ते शांतपणे म्हणाले, “साहेब, याच दोरावर माणसे खाली जात. वरून चकचकीत असलेला दोर आतून गंजलेला निघू शकतो. आम्ही तो उलगडून आत पाहत असू. वरची तार कोणीही पाहतो.”

त्या दिवशी घरी परतताना मला माझ्या टेबलावरील कर्जप्रकरणे आठवली. कागद चोख, ताळेबंद नीटनेटका. पण प्रत्यक्ष गोदाम उघडून पाहिले का, हा प्रश्न मी प्रत्येक वेळी स्वतःला विचारला होता, असे छातीठोकपणे सांगता येईना.

घाई सोडली तेव्हा

दुसरा दोरही वाया गेला. तो मी जाळला. तिसऱ्या वेळी मिस्त्रीजींनी भात्याचा वारा कमी करायला लावला. रंग वर चढला तरी दोर बाहेर काढू दिला नाही. बाहेरची तार लवकर तापते. ती उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचायला वेळ द्यावा लागतो. पहिले घाव हलके, चहूबाजूंनी फिरवत. पुन्हा टाकणखार, पुन्हा ताव, असे चार वेळा. हळूहळू हातोड्याखालचा भुसभुशीत आवाज बदलला आणि ऐरण खणखणू लागली.

पाणी देण्यासाठी पाते चुंबकाला चिकटेनासे होईपर्यंत तापवले, वर थोडा आणखी ताव दिला आणि कोमट तेलात बुडवले. मग ठिसूळपणा जावा म्हणून घरच्या ओव्हनमध्ये सुमारे दोनशे अंशांवर तासभर ठेवले. शेवटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवून काढल्यावर सापाच्या कातीसारखी नक्षी उमटली. तारांच्या कडांवरील कर्ब तावात जळून थोडा कमी झालेला असतो. म्हणून तेथे द्रावणाची क्रिया वेगळी होते आणि प्रत्येक तारेची हद्द दिसते. काळी रेघ मात्र कुठेही नव्हती.

१७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा झाली. मिस्त्रीजींनी हत्यारांच्या ओळीत माझी सुरी मांडली आणि तिच्याशेजारी पहिल्या पात्याचे मोडके तुकडेही ठेवले. “याचीही पूजा?” मी विचारले.

“हिनेच तर शिकवले तुम्हाला,” ते म्हणाले.

सुरी आता आमच्या स्वयंपाकघरात रोज भाजी चिरते. मोडके तुकडे मी मागून घेतले. ते शाखेत माझ्या टेबलावर असतात. नव्या कर्जप्रकरणांचे कागद त्यांच्याखाली दाबून ठेवलेले असतात.