धाकट्याची सोय

पहाटे ४.२०

वाळवा तालुका, कृष्णाकाठ. जानेवारीची थंडी. साखर कारखान्याच्या मागं मोकळ्या रानात बैलगाडीवाल्यांचा तळ पडला आहे. कांबटांवर चटई आणि प्लॅस्टिकचा कागद टाकून केलेल्या कोप्या. चुली पेटल्यात. बायका अंधारातच भाकऱ्या थापतायत, सकाळच्या आणि दुपारच्याही. गडीमाणसं बैलांपुढं वाढं टाकून जू बघतायत. सगळी बीड जिल्ह्यातली मंडळी. शिरूर कासार, पाटोदा, केज या भागातली. दिवाळी करून निघाली, ती आता हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावरच गावाकडं फिरणार.

४.५०

पाळणाघराच्या ताई स्कूटीवरून येतात. गाव जवळच आहे, पण वाटेत दोन्ही बाजूंना उभा ऊस. स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर. वय चाळिशीच्या पुढं. शिक्षण बारावी, वर बालवाडीचा कोर्स. महिना आठ हजार मानधन, तेही हंगामापुरतं. मदतनीस मावशींना पाच हजार. दोघींचे पैसे पाळणाघर चालवणारी संस्था देते, आणि संस्थेला देणगीदार देतात. जागा आणि विजेचा एक बल्ब कारखान्याचा.

पत्र्याच्या शेडचं कुलूप निघतं. आधी झाडू. मग झोळ्या. आडव्या पाइपाला जुन्या सुती साड्यांच्या सहा झोळ्या बांधल्यात. ताई प्रत्येक गाठीपाशी जातात, दोन्ही हातांनी झोळी धरतात आणि पाय उचलून अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकतात. गाठ सरकली नाही की पुढची झोळी. चौथी जराशी सरकते. ती सोडून पुन्हा बांधतात, पुन्हा लोंबकळून बघतात. हे रोज चालतं. आपल्याकडं कितीतरी मोठ्या कामांत इतकी खातरजमा होत नाही.

५.१५

आया येऊ लागतात. एका हातात कोयता, खांद्यावर झोपलेलं लेकरू. गाड्या निघायच्या घाईत आहेत. ताई मूल घेतात, कपाळाला हात लावतात, मगच वहीत नाव लिहितात.

"रातच्याला अंग लई कढत होतं, बाई."

"औषध काय दिलंत?"

"मुकादमानं गोळी दिली. निम्मी पाजली."

"कसली गोळी? पाकीट आहे का?"

पाकीट नाही. ताई थर्मामीटर काखेत धरतात. शंभरच्या खाली आहे. पोराला कडेच्या झोळीत घालतात, म्हणजे येता-जाता दिसेल.

"पाणी पाजा मधून मधून," आई जाता जाता म्हणते. तिची गाडी हलली आहे. ती पळत जाऊन मागच्या बाजूनं चढते.

वहीत एकतीस नावं. सगळ्यात लहान पाच महिन्यांचं. सगळ्यात थोरली तिसरीतली एक मुलगी. ती मूल म्हणून आलेली नाही, भावाला पोचवायला आली आहे. भाऊ दीड वर्षाचा, तिच्या कडेवर. त्याच्या भारानं तिची कंबर एका बाजूला झुकली आहे. पहिले पंधरा दिवस ती त्याला घेऊन फडातच बसायची. उसाच्या पाचटावर गोधडी टाकायची आणि त्याला ट्रॅक्टरच्या वाटेवर जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. रोज नाही, पण वेळ पडली तर मोळ्यांना हात लावायचा.

७.००

मुलं उठतात. एकेकाचं तोंड धुणं, केस विंचरणं, नाकं पुसणं. मावशी मोठ्या पातेल्यात पाणी तापवतात. सरपण पाचटाचं आणि बाभळीचं. गॅस आहे, पण तो खिचडीसाठी राखलेला. सिलिंडर महिना पुरवायचा असतो. पाचट भसाभस पेटतं आणि पटकन विझतं, म्हणून मावशींना चुलीपासून हलता येत नाही.

नाष्ट्याला नाचणीची खीर, गूळ घालून. बुधवार आणि शनिवार अंडं. आज बुधवार. सात रुपयांना एक. दुकानदारानं शेकड्याला थोडे कमी केले, ते ताईंनी घासाघीस करून मिळवलेले. एका पोराला अंडं माहीत नाही, ते त्याला चेंडूसारखं टाकून बघतं. मावशी सोलून निम्मं त्याच्या तोंडात घालतात.

९.३०

रिक्षा. हेच या शेडचं खरं काम, असं मला इथं बसून वाटू लागलं आहे.

जिल्हा परिषदेची शाळा दीड किलोमीटरवर. मधे कारखान्याचा रस्ता, त्यावर ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत सुटलेले. पोरांना चालत सोडायची सोय नाही. रिक्षाचे रोजचे तीनशे रुपये. एका फेरीत नऊ जण बसतात, दोन फेऱ्या.

पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा चालायच्या. शिक्षण हक्क कायदा २०१० साली लागू झाला आणि त्या बंद होत गेल्या. मुलांनी जवळच्या नियमित शाळेतच बसावं असं ठरलं, आणि ते योग्यच होतं. गावाकडच्या गुरुजींनी दिलेलं शिक्षण हमी पत्रक दाखवलं की इथल्या शाळेत बसता येतं, परत जाताना इथून घेऊन जायचं. ताईंनी अठरा पत्रकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहेत. कोपीत राहिली असती तर केव्हाच भिजली असती.

पण पत्रक असून थोरली शाळेत जात नव्हती. कडेवर भाऊ होता. आता तो झोळीत आहे. ती दप्तर घेऊन रिक्षात चढते, उतरते, झोळीपाशी येऊन बघते, पुन्हा चढते. मुलगा रडतोय. ताई हातानंच तिला जा म्हणून खुणावतात. रिक्षा सुटते. पोरगं दहा मिनिटं रडतं, मग मावशींच्या पदराशी खेळू लागतं.

११.००

आज दंडघेर मोजायचा दिवस. ताई खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंत मोजतात, मधोमध पेनानं ठिपका देतात, तिथं पट्टी गुंडाळतात. डावाच दंड. हात लोंबता सोडलेला. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवं. साडेअकरा ते साडेबारा पिवळं. साडेअकराच्या खाली लाल.

हिरवं. हिरवं. पिवळं. हिरवं.

ताप असलेलं ते पोर एकोणीस महिन्यांचं. ११.२. ताई पट्टी सोडतात, पुन्हा लावतात. ११.२. मावशींना लावायला सांगतात. तेच. मागच्या वेळी ११.६ होतं, वहीत आहे. काट्याला लावून वजन: सात किलो तीनशे ग्रॅम. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरतात, खड्डा पडतो का बघतात. सूज नाही. खीर पुढं करतात. पोर दोन चमचे घेतं आणि तोंड फिरवतं.

ताई आरोग्यसेविकेला फोन लावतात. बोलणं दोन मिनिटांत संपतं. उद्याच दाखल करा. पोषण पुनर्वसन केंद्रात खाट मिळेल. साधारण चौदा दिवस राहावं लागेल, आईसकट.

"खाट मिळाली," ताई मला सांगतात. "आता आई मिळवायची."

१२.३०

मूगडाळीची खिचडी, वर अर्धा चमचा तेल. जेवण झाल्यावर झोप. झोळ्या सहा आणि धाकटी अकरा, तेव्हा बाकीची सतरंजीवर आडवी-तिडवी. मावशी जेवतात, मग ताई. तेवढ्यात दोन मुलांची चड्डी बदलायची होते.

२.१०

ताई फडाकडं निघतात. मी मागं. मावशी शेडमध्ये थांबतात.

फडात टोळी ओळीनं लागली आहे. ऊस बुडख्याशी तोडायचा, पाला सोलायचा, शेंड्याचं वाढं उडवायचं, टाकायचा. पोराची आई तोडलेले ऊस गोळा करून मोळी बांधतेय. दोरी नाही. दोन वाढी पिळून त्यांचाच बंध. गुडघा मोळीवर दाबून ती बंध आवळते आणि टोक आत खोचते. हाताला फडकी गुंडाळलेली. तरी मनगटावर पानाच्या चिरा आहेत, जुन्यांवर नव्या.

ती थांबत नाही. ताईही तिला थांबा म्हणत नाहीत. खाली वाकून तिच्याबरोबर ऊस गोळा करत बोलतात.

"दंड लाल आला. दवाखान्यात न्यायला लागतंय."

"गोळी देतील का?"

"गोळीचं काम नाही हे. राहायला लागंल. चौदा दिवस."

आता ती थांबते.

"चौदा दिस? मग मोळ्या कोण बांधीन?"

नवरा पुढं तोडतोय. त्याला ऐकू गेलं आहे, पण तो वळत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको गेली की राहतो अर्धा कोयता. तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये. २०२४ च्या जानेवारीतल्या करारात तो २७३ वरून इथं आला. दोघं मिळून दिवसाला दीड, चांगला फड असेल तर दोन टन. गाडीवाहतुकीचे पैसे वेगळे. पण हातात यातलं काहीच येत नाही. दिवाळीआधी एक लाख वीस हजार उचल घेतली आहे. रोज तोडतात ते त्यातून वजा होतं. हंगाम संपताना फिटलं नाही तर उरलेले पैसे अंगावर राहतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा याच मुकादमाकडं यावं लागतं. आठवड्याच्या खर्चीला तेवढी थोडी रोकड मिळते.

"तिथं आईला जेवण आहे," ताई सांगतात. "दिवसाची थोडी बुडीत मजुरीपण देतात."

"थोडी म्हंजी किती?"

ताई आकडा सांगतात. नवरा आता वळतो. कोयत्याचं पातं पाचटावर पुसतो.

"खाडा लागला तर मुकादम ऐकायचा न्हाई, ताई. तुमी बोला त्याच्याशी."

हे त्याचं हो आहे. मुलाकडं त्याचं लक्ष नाही असं कुणाला वाटू नये. सकाळी पोर शेडमध्ये येताना त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ताईताची नवी पेटी बांधलेली होती, ती यानंच आणली आहे.

४.४५

रिक्षा परतते. थोरली उतरते ती थेट झोळीकडं. भाऊ तिला बघून हात पसरतो. ती त्याला उचलत नाही, आधी पाटी दाखवते. गुरुजींनी गुणाकार दिलेत. शेडच्या दाराशी बसून ती सातचा पाढा म्हणते. सात सातं एकोणपन्नासपर्यंत नीट, पुढं अडखळते. मग भाऊ मांडीवर, पाढा चालूच.

६.३०

गाड्या अजून आलेल्या नाहीत. वजनकाट्यावर रांग आहे. काटा, मग गव्हाण, नंबर लागेल तेव्हा गाडी रिकामी. ताईंची वेळ कागदावर सहापर्यंत आहे. बायका चालत पुढं येतात, एकेक करून लेकरं नेतात. डोक्यावर वाढ्याचे भारे. बैलांना घालून उरलेलं वाढं गावातले गोठेवाले घेतात; चहा-साखर त्यातून निघते.

७.२०

मुकादमाची कोपी. त्याच्याकडं खुर्ची आहे, ती तो ताईंना देतो. स्वतः बाजेवर.

"तुमचं खरं हाय, ताई. लेकरू महत्त्वाचं. पर माझ्या अंगावर कारखान्याची उचल हाय. टोळीतला एक कोयता अर्धा झाला की गाडी भरायला वेळ लागतो, खेप चुकते."

"बदली माणूस आलं तर?"

"कोण येतंय आता मधीच?"

ताईंनी वाटेत विचारून ठेवलेलं आहे. सासू गावाकडं आहे. थोरला नातू शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवतो, रात्री तेवढा आजीपाशी असतो. रात्रीपुरता चुलत्याकडं झोपेल. सासू गेल्या वर्षीपर्यंत फडातच होती. मोळ्या बांधील.

मुकादम स्वतःच फोन लावतो. पलीकडून म्हातारीचा मोठा आवाज सगळ्या कोपीला ऐकू येतो. आधी ती सुनेवर चिडते, मग नातवाचं वजन विचारते, मग गाडी किती वाजता आहे ते विचारते.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट. तरी गाड्या बदलत इथवर तीनशेच्या आसपास. म्हातारीकडं तेवढे नाहीत. ताई चुलत्याच्या फोनवर पाठवायचं कबूल करतात. म्हातारी शुक्रवारी पोचेल. गुरुवारचा एक दिवस मुकादम खाडा धरणार नाही. हे तो सरळ म्हणत नाही. म्हणतो, "उद्याचं बघू आमी."

८.१०

शेडमध्ये बल्बखाली हिशेबाची वही. रिक्षा तीनशे. अंडी दोनशे दहा. गूळ साठ. जुलाबावरच्या पावडरीची पाकिटं ऐंशी. म्हातारीचं तिकीट कुठल्या खात्यावर टाकायचं? प्रवासखर्च ताईंच्या नावानं आहे, पालकांच्या नाही. त्या प्रवासखर्चातच लिहितात, पुढं कंसात कारण, आणि संस्थेच्या कार्यालयाला तसा निरोप पाठवतात. विचारलं तर सांगता येईल.

मग रिक्षावाल्याला फोन. दवाखान्यापर्यंत तो साडेतीनशे म्हणतो. ताई दोनशे म्हणतात. अडीचशेवर तुटतं. अट एकच, सकाळी साडेसातला निघायचं आणि शाळेच्या फेरीआधी त्याला परत सोडायचं. म्हणजे आईला आज रात्रीच सांगायला हवं: आधार कार्ड, लेकराचं लसीकरणाचं कार्ड आणि दोन जोड कपडे. ताई वही मिटतात, मोबाईलचा उजेड पुढं धरतात आणि कोप्यांकडं चालू लागतात.