विक्रांतच्या लोखंडाची गाडी

सकाळी ९. वर्ध्यात आर्वी नाक्याजवळचं शटर वर केलं. पोऱ्या झाडू मारतोय तोवर सेलूचे एक शेतकरी काकाजी बजाजची व्ही मोटरसायकल घेऊन हजर. "मिस्त्री, सकाळी लई किका मारा लागते."

सव्वानऊ. पेट्रोलचा कॉक बंद करून टाकी उतरवली. उरलेलं पेट्रोल बाटलीत ओतलं, तर तळाला तपकिरी गाळ. काकाजींनी टाकीवर बोट ठेवलं : "हे लढाईच्या जहाजाचं लोखंड हाय म्हनते, खरं काय?"

खरं आहे. २०१६ साली ही गाडी आली, तेव्हा कंपनीने 'विक्रांत' या युद्धनौकेचा धातू टाकीसाठी वापरल्याचं जाहीर केलं होतं.

१०. कार्बोरेटर खोलला. पायलट जेट गच्च बुजलेला. तो हवेने फुंकत काकाजींना जहाजाची जन्मकथा सांगितली. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, इंग्रजांनी 'हर्क्युलिस' नावाने बांधायला घेतलं. १९४५ च्या सप्टेंबरात पाण्यात उतरलं, तोवर युद्ध संपलं होतं. अर्धवट बांधलेलं तसंच पडून राहिलं. १९५७ ला भारताने विकत घेतलं, बेलफास्टमध्ये पुरं करून घेतलं आणि ४ मार्च १९६१ ला ते 'विक्रांत' म्हणून नौदलात आलं.

१. डबा. इथून बजाजवाडी जवळच. बजाज समूहाचे संस्थापक जमनालालजी याच वर्ध्याचे. फिरत फिरत ते लोखंड बजाजांच्याच गावी आलं म्हणायचं.

३. टाकी धुऊन बसवली, प्लग बदलला, चेन ताणली. काकाजींनी १९७१ च्या युद्धाचं विचारलं. तेव्हा जहाजाच्या बॉयलरला तडा गेलेला, वेग कमी. तरी ४ डिसेंबरला विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला.

५. सेवाग्राम रोडवर चक्कर मारून आलो. एका किकमध्ये सुरू.

७. हिशेब, शटर. विक्रांत १९९७ ला निवृत्त झालं, मुंबईत २०१२ पर्यंत संग्रहालय होतं, २०१४ ला सुमारे ६० कोटींना विकलं गेलं आणि तिथल्याच दारूखान्याच्या जहाजतोडणी यार्डात तोडलं. अख्खं जहाज आपल्याला सांभाळता आलं नाही. तुमच्याकडे व्ही असेल तर एवढं करा : गाडी भंगारात द्यायची वेळ आली, तरी टाकी काढून घरी ठेवा.