सलाईनचे पाणी जाते कोठे?

"डॉक्टर, अंगात अजिबात त्राण नाही. एक बाटली लावून टाका." आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य माझ्या दवाखान्यात ऐकू येते. बाटलीत असते काय, असे विचारले तर उत्तर येते, "ताकदीचे औषध!" प्रत्यक्षात अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ, एवढेच असते.

हे पाणी जाते कोठे? साठ किलो वजनाच्या निरोगी पुरुषाच्या शरीरात सुमारे ३६ लिटर पाणी असते. (स्त्रियांत वजनाच्या मानाने थोडे कमी, तान्ह्या बाळात बरेच जास्त.) त्यातले २४ लिटर पेशींच्या आत असते. उरलेल्या १२ पैकी ९ लिटर पेशींच्या मधल्या जागेत आणि जेमतेम ३ लिटर रक्तवाहिन्यांत. विहिरीत दिसते ते थोडे आणि जमिनीत मुरलेले जास्त, तसाच हा प्रकार.

पेशींच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम, म्हणजे मिठाचा अंश जास्त. पेशी सोडियमला सतत बाहेर ढकलत असते आणि पाणी राहते मिठाच्या संगतीने. त्यामुळे सलाईन पेशींच्या बाहेरच राहते. रक्तात त्याचा साधारण चौथा हिस्सा टिकतो, बाकीचे पेशींच्या मधल्या जागेत झिरपते. मूत्रपिंडे आणि हृदय धडधाकट असतील तर जादा पाणी लघवीवाटे निघून जाते. नसतील तर पाय सुजतात, फुफ्फुसांत पाणी साठते.

हे मी पुस्तकात वाचले होते, तरी एकदा चुकलो. हृदय कमजोर झालेले एक आजोबा, जेवण कमी झालेले. मुलाने फारच आग्रह धरला म्हणून दोन बाटल्या लावल्या. रात्री त्यांना अशी धाप लागली की आडवे होता येईना. ऑक्सिजन आणि लघवी वाढवणारी इंजेक्शने देऊन पहाटेपर्यंत कसेबसे सावरले. मुलगा माझे आभार मानत होता, आणि मला मान वर करवत नव्हती.

जुलाबांची गोष्ट वेगळी. आपल्या आतड्यांत रोज आठ-नऊ लिटर द्रव उतरतो. त्यातला बहुतेक पुन्हा शोषला जातो. जुलाबात हे शोषण कोलमडते आणि घट येते ती मुख्यतः त्या बाहेरच्या १२ लिटरमध्ये. पण तेव्हाही बहुतेकांना सुई लागत नाही. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यातून आत खेचले जाते आणि मागोमाग पाणी. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ असताना सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्या खाली आले.

जलसंजीवनीचे पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजावे. मीठ मात्र मोजूनच घालावे. उलट्या थांबत नसतील, रोगी मलूल पडला असेल, मुलाला सहा तास लघवी झाली नसेल, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. तेव्हा बाटली मी स्वतःहून लावीन.