‘दोन मिनिटं थांबा, भाई!’

मंडळी, आपल्या इथे करक चहासाठी गाडीतून उतरावं लागत नाही. कॅफेटेरियासमोर गाडी लावायची, हॉर्न द्यायचा, की आतला पोरगा धावत येतो. याची इतकी सवय झाली आहे, की गावी गेल्यावर टपरीसमोर हॉर्न वाजवून आम्ही लोकांची बोलणी खाल्ली आहेत! ट्रेलरवाल्याला मात्र ही सोय नाही, हे इतकी वर्षं इथे राहून आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढं मोठं धूड उभं करायला दुकानासमोर जागा नसते, म्हणून ते लांब वाळूत लावायचं आणि चालत यायचं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन कुटुंबं जबल धन्नाला निघालो होतो. अबू धाबी मागे टाकून घुवैफतच्या रस्त्याला लागलो आणि वाटेत एका पेट्रोल पंपावर थांबलो. काउंटरवर पंचावन्न-साठीचे एक ड्रायव्हर हातात थर्मास घेऊन उभे होते. त्यांनी बाथरूमची किल्ली मागितली. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "खराब है, बंद है." पाचच मिनिटांनी आमच्या मुलांनी तेच विचारलं, तेव्हा त्याने खणातून किल्ली काढून दिली. ड्रायव्हरनी ते पाहिलं आणि स्वतःशीच पुटपुटले, "काय माणसं म्हणायची ही!"

मराठी कानावर पडल्यावर आम्ही थोडेच गप्प बसणार? मुलांच्या हातातली किल्ली आधी त्यांना दिली. ते परत आल्यावर डब्यातल्या दशम्या काढल्या आणि गाडीच्या सावलीत सगळेच बसलो. भाई मूळचे मंडणगडचे. पंचवीस वर्षं इथे ट्रेलर चालवताहेत. कधी जबल अलीहून शारजा, कधी पार सौदी.

सौदी म्हटल्यावर साहजिकच २००९ ची आठवण निघाली. त्या वर्षी जूनमध्ये सौदीने आपल्या बाथा नाक्यावर ड्रायव्हरांच्या बोटांचे ठसे घ्यायला आणि तपासणी कडक करायला सुरुवात केली. अलीकडे घुवैफतला ट्रकांची रांग ३० किलोमीटरच्या वर गेली. डोक्यावर पन्नास अंशांच्या आसपासचं ऊन. रेड क्रेसेंटने रांगेत पाणी आणि जेवण वाटलं होतं. भाई त्या रांगेत होते.

"फार हाल झाले असतील," आमच्यापैकी एक वहिनी म्हणाल्या.

"झाले वहिनी, पण त्याचा राग नाही. तिथे सगळेच अडकले होते, आणि कशासाठी अडकलोय ते माहीत होतं. राग येतो तो गोडाऊनच्या खिडकीवर. कागद आत सरकवला की ‘दोन मिनिटं थांबा, भाई’ म्हणतात आणि जेवायला जातात. माझा नंबर कितवा, माल कधी उतरणार, कोणी सांगत नाही. विचारलं तर सिस्टीम डाउन. जास्त विचारलं तर बुकरा! पाणी मागायचं तरी कोणाकडे?"

मग त्यांनी एक हिशेब सांगितला, तो आम्हाला अगदी नवा होता. १ जानेवारी २०२५ पासून एमिरेट्स रोडवर अल अविर रस्त्यापासून शारजापर्यंतच्या टप्प्यात संध्याकाळी ५.३० ते ८ ट्रकना बंदी आहे. बंदी का घातली हे त्या ट्रॅफिकमध्ये रोज सापडणाऱ्या आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. भाईंचीही तक्रार बंदीबद्दल नव्हती.

"पावती चारला मिळाली तर मी साडेपाचच्या आत पार होतो. पाचला मिळाली तर आठपर्यंत कडेला. मग पुढचा माल रात्री, झोप नाही, आणि सकाळची फेरी दुसऱ्याला जाते. आम्हाला पगार थोडका, बाकी फेरीमागे पैसे. तुमचा अर्धा तास साहेब, माझी एक फेरी."

भाई गेले. पुन्हा रस्त्याला लागल्यावर आमच्यातला एक मित्र बराच वेळ गप्प होता. तो एका गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर आहे. शेवटी म्हणाला, "अरे, ‘दोन मिनिटं थांबा’ हे मीच रोज सांगतो."

त्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. खोकी मोजायची, बिलाशी ताडून बघायची, एक कमी भरलं तर मुदीर याच्यावर ओरडणार. सिस्टीम खरोखरच बंद पडते. पण त्याने घरी जाऊन विचार केला आणि तीन गोष्टी केल्या. आल्याबरोबर ड्रायव्हरला नंबराची चिठ्ठी आणि अंदाजे वेळ. उशीर होणार असेल तर तसा निरोप. आणि बाथरूमची किल्ली खणातून काढून बाहेरच्या खिळ्यावर. मुदीरची परवानगी लागली ती फक्त सावलीतल्या बाकाला आणि पाण्याच्या कूलरला. तीही एका दिवसात मिळाली, इतकी वर्षं कोणी मागितलीच नव्हती! आता खिडकीवर थापा पडत नाहीत, भांडणं कमी झाली, असं तो सांगतो.

रस्त्यावरची सोय सरकार बघेल. दुबईत आरटीएने ट्रकवाल्यांसाठी विश्रांतीची ठिकाणं बांधलीही आहेत. पण गोडाऊनची खिडकी सरकारची नसते. मंडळी, आपल्यापैकी कितीजण अशा खिडकीच्या आतल्या बाजूला बसतात ते आठवून बघा. कोणी स्टोअरमध्ये, कोणी क्लिअरिंगमध्ये, कोणी अकाउंट्समध्ये. आपल्या दिवाळीचं बेसन आणि गणपतीच्या आरासाचं सामान जबल अलीला उतरलं, तरी पुढे आपल्यापर्यंत येतं ते अशाच कोणा भाईच्या गाडीतून.

भाईंचा फोन नंबर घ्यायचा मात्र गडबडीत राहून गेला. कुठल्याशा खिडकीवर ते आजही उभे असतील, कदाचित तुमच्याच. तेव्हा उद्या कामावर गेलात की बाथरूमची किल्ली कुठे ठेवलेली असते, तेवढं एकदा बघून घ्या. असो.