आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ : मेहनतीचा, कसबाचा आणि जबाबदारीचा रोजगार

३ जून २०१४ ची सकाळ बीड जिल्ह्यातील माणूस विसरलेला नाही. केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दिल्लीत अपघात झाला. अंगावर मोठी जखम दिसत नव्हती. पण मानेला आणि यकृताला आतून जबर मार बसला होता. पुढे १४ ऑगस्ट २०२२ रोजी जिल्ह्याचे आणखी एक नेते विनायक मेटे यांचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघाती मृत्यू झाला. मोठ्या माणसांची बातमी होते. मांजरसुंब्याच्या घाटात किंवा गेवराईजवळ महामार्गावर दुचाकीवरून पडलेल्या मजुराची होत नाही. पण शरीराचा कायदा दोघांना सारखाच. अपघातानंतरचा पहिला तास हाती आहे तोवर आशा जास्त. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनेही या तासाला 'गोल्डन अवर' म्हणून स्थान दिले आहे.

त्या तासात रुग्णाजवळ डॉक्टर नसतो. असतो तो रुग्णवाहिकेत बसून येणारा प्रशिक्षित माणूस. त्याला आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, बोलीभाषेत 'ई.एम.टी.' म्हणतात. बारावी झालेल्या, पुढे काय करावे या विवंचनेत असलेल्या आपल्या मुलामुलींनी या कामाची माहिती घ्यावी, आणि फी भरण्यापूर्वी घ्यावी, यासाठी हा लेख.

काम नेमके काय?

लोकांची समजूत अशी की, रुग्णाला उचलायचे, गाडीत घालायचे आणि सायरन वाजवत निघायचे. प्रत्यक्षात पहिले काम थांबून पाहण्याचे असते. रस्त्यावर डिझेल सांडले आहे काय, विजेची तार पडली आहे काय, मागून वाहने येत आहेत काय? वाचवणाराच पडला तर दोन रुग्ण होतात. त्यानंतर श्वासनलिका मोकळी आहे का, श्वास चालू आहे का, रक्त कोठून वाहते आहे, हे क्रमाने पाहायचे. मानेला मार असल्याची शंका असेल तर मान हलू न देता पट्टा लावायचा आणि रुग्णाला फळीवर घ्यायचे. बाहेरून जखम नाही म्हणून निर्धास्त राहायचे नाही. पोट कडक होत चालले, नाडी जलद आणि बारीक झाली, अंगाला गार घाम सुटला, तर आत रक्त साचत असेल असे समजून निघायचे.

हृदय बंद पडले असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल. ३० दाब, मग २ श्वास. वाचायला सोपे वाटते. हलत्या गाडीत, नातेवाईक रडत असताना, दहा मिनिटे सलग करताना खांदे भरून येतात.

नव्या माणसाची पहिली पाळी मात्र याहून साधी असते. ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये दाब किती आहे, कफ ओढण्याचे यंत्र चालते का, श्वास देण्याची पिशवी मुलांच्या मापाची आहे का, प्रसूतीचा संच बंद पाकिटात आहे का, हे रोज तपासून वहीत लिहायचे. हे काम कंटाळवाणे आहे आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. रिकामा सिलिंडर घाटात कळून उपयोग नसतो.

आपल्या जिल्ह्यातील रुग्ण

पुस्तक सगळीकडे एकच. पण बीडचा रुग्ण वेगळा. दसऱ्यानंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, त्यावर मुले आणि म्हातारी माणसे. रात्रीच्या प्रवासात ट्रॉली उलटली की एकाच वेळी वीस-पंचवीस जखमी. अशा वेळी जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे आधी धावायचे नसते. जो गप्प पडला आहे त्याच्याकडे पाहायचे असते. जखमींची लाल, पिवळा, हिरवा आणि काळा अशी वर्गवारी करण्याची रीत याचसाठी शिकवतात.

पावसाळ्यात सर्पदंश. दंशावर ब्लेड मारणे, तोंडाने विष ओढणे, दोरीने करकचून बांधणे या तिन्ही गोष्टी घातक आहेत. हाड मोडल्यासारखा तो हात किंवा पाय स्थिर ठेवायचा, अंगठी आणि बांगड्या काढायच्या, दंशाची वेळ लिहायची आणि प्रतिविषाची लस असलेल्या दवाखान्यात न्यायचे. पिकावरचे औषध प्यायलेला रुग्ण आला तर हातमोजे घालून आधी त्याचे भिजलेले कपडे काढायचे, नाहीतर ते विष आपल्याही कातडीतून आत जाते. आणि प्रसूती तर दवाखान्याची वाट पाहत नाही.

यात स्थानिक माणसाच्या माहितीला मोल आहे. आष्टीच्या रुग्णाला अहिल्यानगर जवळ पडते. परळी-केजकडच्या गंभीर रुग्णाला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूर. गेवराईहून बीड की छत्रपती संभाजीनगर, हे दुखापत पाहून ठरवावे लागते. जवळचा दवाखाना आणि योग्य दवाखाना हे नेहमी एकच नसतात. शिवाय घाबरलेल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलता आले पाहिजे. 'मामा, मान हलवू नका, मी धरली आहे' किंवा 'खाला, बच्चा ठीक है, लंबी साँस लो' एवढ्या एका वाक्याने रुग्ण शांत होतो. मराठी आणि दखनी दोन्ही बोलणाऱ्या आपल्या मुलांना हे आपसूक येते.

नोकरी कोठे मिळते?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे, कारण जाहिराती ती सांगत नाहीत. महाराष्ट्रातील '१०८' रुग्णवाहिका सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ गाड्या प्रगत उपचारांच्या आणि ७०४ प्राथमिक उपचारांच्या होत्या. हैदराबादेत २००५ साली सुरू झालेल्या १०८ सेवेत मागे तंत्रज्ञ बसतो. आपल्या राज्याने मात्र गाडीत डॉक्टर बसवण्याची पद्धत स्वीकारली. ही पदे मुख्यतः बी.ए.एम.एस., बी.यू.एम.एस. अशा पदवीधरांसाठी असतात. म्हणजे युनानी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हे एक दार आहे. पण बारावीनंतर काही महिन्यांचा ई.एम.टी. वर्ग केलेल्याने '१०८ मध्ये हमखास नोकरी' या जाहिरातीवर विसंबू नये. हीही नोंद घ्यावी की १०८ ची नोकरी ठेकेदार संस्थेची असते, सरकारी नसते.

मग तंत्रज्ञाला काम कोठे? खासगी रुग्णालयांच्या रुग्णवाहिका आणि अपघात विभाग हे पहिले ठिकाण. दुसरे कारखाने. ५०० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कायद्यानुसार रुग्णवाहिका कक्ष ठेवावा लागतो. साखर कारखाने, औष्णिक वीज केंद्रे, मोठी बांधकामे यांत अशा माणसांची गरज असते. तिसरे विमानतळ, मोठे मेळावे आणि क्रीडास्पर्धा.

चौथे ठिकाण ऐकून नवल वाटेल : बर्फाचे डोंगर. काश्मीरमधील गुलमर्ग येथे दोरवाटेच्या पाळण्यातून ३,९०० मीटरच्या वर जाऊन लोक बर्फावर घसरतात, पडतात, पाय मोडून घेतात. तेथे गाडी जात नाही; घसरगाडीवर बांधून रुग्ण खाली आणावा लागतो. आपल्याकडे उसाच्या फडात तरी गाडी कोठे जाते? बाजेवर घालूनच रस्त्यापर्यंत आणावे लागते. मान सांभाळणे, रक्त थांबवणे, अंग उबदार ठेवणे ही विद्या दोन्हीकडे तीच. फरक इतकाच की, तेथे काम मागणाऱ्याला आधी बर्फावर चालता-घसरता आले पाहिजे, आणि हंगाम संपला की काम संपते. पण हातात कसब असेल तर ते कोठेही चालते, हे यावरून ध्यानात यावे.

कागद आणि कसब

१९६७ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात 'फ्रीडम हाऊस' नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. हिल भागातील गरीब कृष्णवर्णीयांना तोवर पोलिसांच्या गाडीतून दवाखान्यात टाकले जाई. डॉ. पीटर साफार यांनी त्याच वस्तीतील बेकार तरुणांना हाताशी धरून असे शिकवले की, त्यांची गणना आज अमेरिकेतील पहिल्या प्रशिक्षित पॅरामेडिकांत होते. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा उभारली आणि फ्रीडम हाऊस बंद पडले. नव्या परीक्षा आणि अटी यांच्यामुळे यांतील अनेक अनुभवी माणसे बाहेर फेकली गेली. वस्तीतील बेकार पोर हे काम उत्तम करू शकते, हा या कथेचा एक धडा. दुसरा धडा असा की, कसब असले तरी मान्य कागद नसेल तर दार बंद होऊ शकते.

आपल्याकडे तो कागद आता कायद्याने ठरू लागला आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांचा व्यवसाय नोंदलेला आहे. या कायद्याप्रमाणे संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवण्यासाठी किमान २,००० तासांची, दोन ते चार वर्षांत पूर्ण होणारी पदविका किंवा पदवी लागते. तेव्हा दोन खोल्यांच्या गाळ्यात तीन महिन्यांत मिळणारे प्रमाणपत्र ही फार तर सुरुवात आहे, आयुष्यभराची शिदोरी नव्हे. ज्यांच्या घरची परिस्थिती बरी आहे त्यांनी विद्यापीठाशी संलग्न पदवीच करावी. ज्यांना लगेच कमावणे भाग आहे त्यांनी हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलची मान्यता असलेला बेसिक ई.एम.टी. अभ्यासक्रम करावा आणि नोकरी करता करता पुढे शिकावे.

फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. मान्यता कोणाची आहे आणि तिचा क्रमांक काय? कोणत्या रुग्णालयात, किती तास, प्रत्यक्ष रुग्णांवर काम करायला मिळेल? मागच्या तुकडीतील मुले आज कोठे आहेत, त्यांच्याशी बोलता येईल काय? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर उठून यावे.

घरच्यांनी जाणून घ्यावे असे

या कामात बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. सण घरी होईलच असे नाही. रमजानमध्ये इफ्तारची खजूर गाडीत खावी लागते आणि दिवाळीत जोडीदाराच्या घरचा फराळही गाडीतच होतो. मेलेले मूल हातात घ्यावे लागले तर त्या रात्री झोप येत नाही. याबद्दल घरात बोलू द्यावे, 'मर्द हो' म्हणून गप्प करू नये. मुलींनी या कामात जरूर यावे. वाटेत प्रसूती होत असलेल्या बाईला शेजारी बाई असली तर केवढा धीर येतो, हे सांगायला नको.

आणि ज्यांना हा व्यवसाय करायचा नाही त्यांनीही एवढे ध्यानात ठेवावे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोकड न भरता मिळण्याची केंद्राची योजनाही लागू आहे. म्हणून 'पोलिसांची भानगड नको' म्हणत पुढे निघून जाण्याचे कारण उरलेले नाही. १०८ फिरवा, गर्दी बाजूला करा, रुग्णाची मान हलू देऊ नका आणि गाडी येईपर्यंत जवळ थांबा. त्या गाडीतून उतरणारा माणूस उद्या आपल्याच मोहल्ल्यातला असावा, इतकी तयारी आजपासून करता येण्यासारखी आहे.