रजेवर येणारा माणूस आणि आपलं गाव

बचत गटाच्या बैठकीत आपण कर्ज, हप्ते, व्याज यांवर बोलतो. पण जिच्या घरचा माणूस नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात शिक्षा भोगतोय, ती बाई बैठकीत मागे बसते आणि काही बोलत नाही. आज तिच्या कामाची माहिती देते.

शिक्षा लागलेल्या कैद्याला ठरावीक काळानंतर घरी जायला रजा मिळू शकते. महाराष्ट्रात त्यासाठी नियम आहेत, त्यांत वेळोवेळी बदलही झालेत. रजा दोन प्रकारची. एक संचित रजा, म्हणजे फर्लो. घराशी नातं तुटू नये म्हणून ती असते, तिला खास कारण लागत नाही आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. दुसरी अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. घरात मृत्यू, लग्न, गंभीर आजारपण, बायकोचं बाळंतपण, घर पडणं किंवा पूर अशा कारणांसाठी ती मिळते. हे दिवस शिक्षेत धरत नाहीत. कोणतीही रजा आपोआप मिळत नाही. कैद्याने तुरुंग अधीक्षकांकडे अर्ज करायचा असतो.

अर्ज आला की गावच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवतात. कैद्याला घरात घेणारं कोणी आहे का, जामीन राहायला नातेवाईक तयार आहे का, हे पाहतात. आपल्या आदिवासी बहिणींची गाडी इथेच अडते. समजा, घर सुरगाण्याच्या पाड्यावर आहे. छाटणीच्या हंगामात सगळं कुटुंब निफाडच्या द्राक्षबागेत कामाला आलंय. पोलीस पाड्यावर गेले तर दाराला कुलूप. ‘नातेवाईक मिळून आले नाहीत’ असा शेरा पडला, की अर्ज अडकलाच. म्हणून हंगामाला निघताना सध्याचा पत्ता आणि फोन नंबर पोलीस पाटलांकडे द्या, तुरुंगातल्या माणसालाही कळवा.

काही जमातींच्या पाठीला जुना शिक्काही आहे. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण लोकांच्या मनातून गेला नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातला जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींच्या माणसांना केवळ जमातीमुळे सराईत गुन्हेगार समजणं चुकीचं असल्याचं सांगितलं. शिक्षा एका माणसाला होते, त्याच्या पाड्याला नाही.

आता गटाने काय करावं? पहिलं, अर्ज लिहायला आणि पोलीस ठाण्यात जायला तिच्या सोबत कोणीतरी जा. दुसरं, वकील फुकट मिळतो हे तिला सांगा. स्त्रिया, अनुसूचित जमातीचे लोक आणि कोठडीतली माणसं यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदतीचा हक्क आहे. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. तिसरं, माणूस घरी आला की रजेच्या आदेशातल्या अटी तिला मोठ्याने वाचून दाखवा. कोणत्या ठाण्यात कधी हजेरी लावायची, कुठे जायचं नाही, परतायची तारीख कोणती, ते भिंतीवर लिहून ठेवा. उशीर झाला तर शिक्षेतली सूट कापली जाते, गुन्हा दाखल होऊ शकतो आणि पुढची रजाही धोक्यात येते. जामीनदाराचे पैसेही जाऊ शकतात. म्हणून गटाचा पैसा जामिनात घालू नका. सही कोणी करायची हे ज्याने त्याने विचार करून ठरवावं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. ज्या बाईने त्याच माणसाचा मार खाल्लाय, तिच्यावर ‘नवरा आहे, घरात घे’ असा दबाव आणू नका. पोलीस विचारतील तेव्हा भीती वाटते असं सांगायचा तिला पूर्ण हक्क आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला ते घरही याच गावात असेल, तर त्यांचं म्हणणंही पोलिसांपर्यंत पोचलं पाहिजे.

शिक्षा संपली की माणूस शेवटी गावातच येणार. तेव्हा हाताला काम आणि बोलायला चार माणसं नसली, तर तो पुन्हा जुन्या संगतीकडे वळतो. रजेचे हे थोडे दिवस म्हणजे त्या परतीची तयारी आहे. येत्या बैठकीत मागे बसणाऱ्या मैत्रिणीला पुढे बोलवा आणि विचारा, अर्ज कुठपर्यंत आलाय?