चीजच्या डब्यातून निघालेली अक्षरं

चीजचा रिकामा डबा हातात आला तर तुम्ही त्याचं काय कराल? पेनं ठेवाल, नाहीतर त्यात तुळशीचं रोप लावाल. तीनशे वर्षांपूर्वी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, तरंगंबाडीत, काही माणसांनी त्यातून चक्क अक्षरं काढली! इंग्लंडहून आलेल्या चीजच्या डब्यांचं शिसं त्यांनी वितळवलं, साच्यात ओतलं आणि तमिळ अक्षरांचे इवले इवले खिळे पाडले.

खिळे म्हणजे भिंतीत ठोकायचे नव्हेत हं! छापखान्यात धातूच्या अक्षराला खिळा म्हणतात. त्यावरचं अक्षर आरशात दिसतं तसं उलटं असतं. शाई लावून कागद दाबला, की कागदावर सुलटं उमटतं.

एवढा खटाटोप कशासाठी? ते कळायला जर्मनीतल्या विटेनबर्गला जायला हवं. तिथे मार्टिन ल्यूथर नावाचा ख्रिस्ती संन्यासी विद्यापीठात शिकवायचा. त्या काळी चर्चच्या नावानं पापमाफीची पत्रं विकली जात. पैसे द्या, शिक्षा कमी! ल्यूथरला हे मुळीच पटेना. देवाची कृपा विकत कशी मिळेल? ती तर भेट आहे, विश्वासानं घ्यायची, असं तो म्हणे. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्यानं आपले ९५ मुद्दे आर्चबिशपला पाठवले. मुद्दे लॅटिनमध्ये होते, मूठभर विद्वानांसाठी. पण ते छापखान्यांच्या हाती लागले आणि बघता बघता गावोगावी पोचले.

ही किमया खिळ्यांची! ल्यूथरच्या आधी साठेक वर्षं गुटेनबर्गनं छपाईची नवी रीत बसवली होती. नुसतं शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, पण ते मऊ असतं, दाबानं झिजतं. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. मिश्रण कमी उष्णतेत वितळतं, साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरतं आणि थंड झाल्यावर फारसं आकसत नाही, त्यामुळे अक्षराच्या कडा रेखीव राहतात. पान छापून झालं, की खिळे सोडवायचे आणि नवं पान जुळवायचं.

ल्यूथरला वाटे, बायबल प्रत्येकाला आपल्या भाषेत वाचता आलं पाहिजे. पोप आणि सम्राट दोघंही त्याच्यावर संतापले, तेव्हा तो वार्टबर्गच्या किल्ल्यात वेश बदलून लपला आणि बायबलच्या ‘नव्या करारा’चं जर्मन भाषांतर अवघ्या अकराएक आठवड्यांत केलं. ते १५२२ मध्ये छापून निघालं. भाषा कुठून शिकायची? घरातली आई, रस्त्यावरची मुलं आणि बाजारातली माणसं कशी बोलतात ते ऐकायचं, असं तो सांगे. मला तर ल्यूथरची हीच गोष्ट सगळ्यात आवडते!

त्याची शिकवण मानणारे ते ल्यूथरन. हा पंथ डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलंडपर्यंत पसरला. आता पुन्हा तरंगंबाडीकडे येऊ. तीनशे वर्षांपूर्वी ती डेन्मार्कची वसाहत होती. डेन्मार्कच्या राजानं धर्मप्रसारासाठी पाठवलेले दोन जर्मन ल्यूथरन तरुण, झीगेनबाल्ग आणि प्लुशाऊ, १७०६ मध्ये तिथे उतरले. तमिळ तर येत नव्हती! मग झीगेनबाल्ग शाळेतल्या छोट्या मुलांच्या शेजारी मांडी घालून बसला आणि वाळूत बोटानं अक्षरं गिरवू लागला.

पुढे छापखानाही आला. (आपल्या गोव्यात तो १५५६ मध्येच आला होता, पण तो रोमन कॅथलिक पंथाच्या जेझुइट पाद्र्यांचा.) जर्मनीतल्या हाले गावाहून तमिळ खिळे आले, पण ते होते मोठाले. एका पानावर किती थोडा मजकूर मावणार! आणि कागदाची तर टंचाई. छोटे खिळे हवेत, पण शिसं कुठून आणायचं? तेव्हा कुणाची तरी नजर त्या चीजच्या डब्यांवर गेली.

१७१५ पर्यंत तमिळ ‘नवा करार’ पूर्ण छापून झाला. झीगेनबाल्गनं बांधलेलं ‘न्यू जेरुसलेम’ चर्च तरंगंबाडीत अजून उभं आहे. समुद्र तिथून अगदी जवळ आहे आणि किनाऱ्यावर वाळूच वाळू.